असाध्य रुग्णांची उपशामक सेवा : आरोग्य-अर्थकारणातील दुर्लक्षित दुवा

छत्तीसगढची राजधानी असलेल्या रायपूर शहराच्या जुन्या भागात, बूढा तलावाच्या परिसरात बूढापारा ही वस्ती आहे. स्वामी विवेकानंदांच्या बालपणातील १८७७ ते १८७९ हा काळ रायपुरात गेला. त्याची आठवण म्हणून या तलावाला आता विवेकानंद सरोवर असे नाव आहे. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० साली पेंड्रा येथून काढणारे आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' हे ग्रंथ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळाही याच भागात आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८५४ मध्ये खालसा झाली, तरी त्या काळापासून येथे वसलेली मराठी कुटुंबे पुढे मध्य प्रांताच्या कारभारात, शिक्षणात आणि वकिलीत स्थिरावली. अशा जुन्या शहरी वस्तीत आरोग्यसेवेचा प्रश्न केवळ जवळपास रुग्णालय आहे की नाही एवढाच नसतो. रायपुरात डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयाचे क्षेत्रीय कर्करोग केंद्र आहे. २०१२ पासून टाटीबंध भागात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कार्यरत आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. या रुग्णालयांतून 'आता आणखी उपचार नाहीत, घरी न्या' असे सांगून पाठविलेल्या रुग्णाचे पुढील तीन-चार महिने कोणी सांभाळायचे, आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडायचा?

उदाहरणादाखल असे समजू की, बूढापाऱ्यातील एका किराणा दुकानदाराला तोंडाचा कर्करोग झाला आहे. हे उदाहरण काल्पनिक असले तरी अवास्तव नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार छत्तीसगढमधील ३९.१ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते; महाराष्ट्रात हेच प्रमाण २६.६ टक्के होते. दातांना लावावयाचा गुडाखू हा तंबाखूचा प्रकार छत्तीसगढमध्ये विशेष रूढ आहे. असा रुग्ण प्रथम रायपुरात, मग हावडा-मुंबई लोहमार्गाने नागपूरला आणि शेवटी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत जातो. शस्त्रक्रिया व किरणोपचार होतात, आजार उलटतो आणि कुटुंब परत येते. तोपर्यंत दुकानाचे भांडवल संपलेले असते. रुग्णाला गिळता येत नाही, जखमेला दुर्गंधी येते, वेदनेमुळे झोप लागत नाही. नेमक्या या टप्प्यावर आपली आरोग्यव्यवस्था त्याच्यापासून दूर सरकते.

या टप्प्यावरील सेवेला इंग्रजीत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत 'उपशामक सेवा' किंवा 'परिहार सेवा' हे शब्द वापरले जातात. मूळ लॅटिन शब्द 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यावयाचे वस्त्र, पांघरूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येचा आशय असा की, जीवघेण्या आजाराला तोंड देणाऱ्या रुग्णाचे आणि त्याच्या कुटुंबाचे जीवनमान सुधारणे, वेदना व इतर शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक समस्या लवकर ओळखून त्यांचे निवारण करणे म्हणजे उपशामक सेवा. या व्याख्येतील दोन शब्द परीक्षार्थींनी अधोरेखित करावेत : 'कुटुंब' आणि 'लवकर'. ही सेवा केवळ रुग्णाची नाही आणि केवळ अखेरच्या दिवसांचीही नाही. ती रोगनिवारक उपचारांच्या बरोबरीने, निदानापासूनच सुरू व्हावी अशी अपेक्षा आहे.

ही अपेक्षा भावनिक नसून तिला पुरावा आहे. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळाली, त्यांचे जीवनमान चांगले राहिले, नैराश्य कमी आढळले, अखेरच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचारही कमी झाले. आणि तरीही ते अधिक काळ जगले. त्यांच्या आयुर्मर्यादेचा मध्यक ११.६ महिने, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांचा ८.९ महिने होता. उपशामक सेवा म्हणजे उपचार सोडून देणे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

वेदनेचे शास्त्र आणि कायद्याचा अडसर

आधुनिक उपशामक सेवेचा आरंभ सामान्यतः १९६७ मध्ये लंडन येथे डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. परिचारिका, समाजसेविका आणि नंतर डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून त्यांनी मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णांना पाहिले होते. शरीराची वेदना, मनाची भीती, पैशाची विवंचना आणि 'माझ्याच वाट्याला हे का' हा प्रश्न एकमेकांत मिसळून एकच 'समग्र वेदना' तयार होते, ही त्यांची मांडणी. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सुचविली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, दुसरीवर कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे, तिसरीवर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे, वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे, हे त्यामागचे सूत्र. संघटनेच्या नंतरच्या मार्गदर्शिकेत या शिडीकडे ताठर नियम म्हणून न पाहता सर्वसाधारण दिशादर्शक म्हणून पाहिले आहे. पण तिसऱ्या पायरीवरील मॉर्फिनचे स्थान कायम आहे.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. भारत हा वैद्यकीय उपयोगासाठी अफूचे कायदेशीर उत्पादन करणारा देश आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर व नीमच, राजस्थानातील चित्तोडगढ, प्रतापगढ व झालावाड आणि उत्तर प्रदेशाचा काही भाग येथे केंद्र सरकारच्या परवान्याने खसखशीची लागवड होते. गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी अफू व अल्कलॉइड कारखाने आहेत. तोंडावाटे घ्यावयाची मॉर्फिनची गोळी काही रुपयांत तयार होते. तिच्यावर आता कोणाचे पेटंट नाही. म्हणजे कच्चा माल देशात, तंत्रज्ञान जुने आणि किंमत नगण्य. तरीही २०१७ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालानुसार भारतात गंभीर आजारजन्य यातना असलेल्या प्रत्येक रुग्णामागे मॉर्फिनसममूल्य औषध अवघे ४३ मिलिग्रॅम उपलब्ध होते. गरजेच्या तुलनेत हे प्रमाण ४ टक्के भरते.

याचे कारण उत्पादनात नाही, नियमनात आहे. अमली पदार्थांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत झाला. हेतू योग्य होता. परंतु एका रुग्णालयाला मॉर्फिन बाळगण्यासाठी चार-पाच वेगवेगळे परवाने घ्यावे लागत. ते एकाच वेळी वैध असावे लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. लेखनिकाच्या चुकीलाही कारावासाची भीती होती. औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी सोपा मार्ग निवडला : मॉर्फिन ठेवणेच बंद केले. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. नियमनाचा खर्च कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. तो तिसऱ्याच कोणाच्या तरी अंथरुणावर उतरतो, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. दरम्यान डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी मॉर्फिनची मात्रा कशी ठरवावी हे न शिकताच पदवीधर झाली, आणि हे नुकसान कायदा बदलून लगेच भरून येणारे नव्हते.

संसदेने २०१४ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती केली. 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधी द्रव्ये' असा नवा वर्ग निर्माण झाला. त्यात २०१५ च्या अधिसूचनेने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांचा समावेश करण्यात आला. त्यांच्याबाबत देशभर एकसमान नियम लागू झाले आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेली 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' असली की अनेक परवान्यांची गरज उरली नाही. २०१४ च्याच मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने उपशामक सेवा आरोग्यव्यवस्थेचा अविभाज्य भाग व्हावी असा ठराव केला. नियम सुलभ झाले, तरी मान्यतेसाठी अर्ज कोणीतरी करावा लागतो, प्रशिक्षित डॉक्टर नेमावा लागतो, साठ्याची नोंद ठेवावी लागते. ज्या जिल्हा रुग्णालयात हे करण्यात कोणाला स्वारस्य नाही, तेथे २०१४ ची दुरुस्ती पोहोचलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

वांद्रे, वारजे आणि मलप्पुरम

भारतात संस्थात्मक उपशामक सेवेची सुरुवात महाराष्ट्रात झाली. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे माउंट मेरीच्या टेकडीवर 'शांती अवेदना' ही देशातील पहिली हॉस्पिस सुरू केली. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही तिच्या शाखा झाल्या. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला प्रतिष्ठानचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र चालते. येथील पद्धत समजून घेण्यासारखी आहे. रुग्णाबरोबर नातेवाइकालाही ठेवून घेतले जाते. जखम कशी धुवावी, नळीतून अन्न कसे भरवावे, पाठीला व्रण पडू नये म्हणून कूस कशी बदलावी हे त्याला शिकविले जाते आणि वेदना आटोक्यात आल्यावर दोघांना घरी पाठविले जाते. मृत्यूसाठी दाखल करणे हा केंद्राचा हेतू नाही. टाटा स्मारक रुग्णालयातील उपशामक वैद्यक विभागाची उभारणी डॉ. मेरी ॲन मुकादन यांनी केली आणि २०१२ मध्ये तेथे या विषयातील पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. असे धोरण करणारे ते केरळनंतरचे दुसरे राज्य.

परंतु हॉस्पिस हे प्रारूप कितीही उदात्त असले तरी त्याला खाटांची मर्यादा आहे. वांद्र्याची किंवा वारज्याची खाट बूढापाऱ्यातील रुग्णाला उपयोगाची नाही; रायपूर ते मुंबई हे अंतर अकराशे किलोमीटरहून अधिक आहे. शिवाय बहुतेक रुग्णांना अखेरचे दिवस आपल्या घरातच हवे असतात. म्हणून आर्थिकदृष्ट्या निर्णायक प्रयोग ठरला तो केरळचा.

कालिकत येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन केली. सुरुवात वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील एका खोलीत झाली. काही वर्षांतच असे ध्यानात आले की, जे चालू शकतात तेच रुग्ण दवाखान्यात येतात. ज्यांना सेवेची सर्वाधिक गरज आहे ते अंथरुणाला खिळलेले असतात. त्यातून शेजार-जाळ्याची कल्पना पुढे आली. वस्तीतील स्वयंसेवकांनी आपल्या गल्लीतील रुग्ण शोधायचे, आठवड्यातून काही तास द्यायचे, शिधा, मुलांची फी, रुग्णालयाची वारी यांसारख्या गोष्टी पाहायच्या. वैद्यकीय भाग प्रशिक्षित परिचारिकेने आणि डॉक्टरने सांभाळायचा. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत लहान लहान देणग्यांवर हे जाळे उभे राहिले. एप्रिल २००८ मध्ये केरळ सरकारने देशातील पहिले उपशामक सेवा धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींच्या नियोजन निधीतून गृहसेवेचा खर्च होऊ लागला.

येथे विद्यार्थ्यांनी एक दुवा जोडून पाहावा. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य हा पंचायतींचा विषय आहे. सर्वच राज्यांच्या पंचायतींना तो कागदावर उपलब्ध आहे. केरळात १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेमुळे राज्याच्या योजना-खर्चाचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा स्थानिक संस्थांकडे गेला होता. अधिकार, निधी आणि माणसे ही तिन्ही एकाच पातळीवर आल्यामुळे तेथे गृहसेवा धर्मादाय कार्य न राहता अंदाजपत्रकातील बाब झाली. केरळच्या यशाचे श्रेय केवळ साक्षरतेला किंवा सामाजिक भानाला देणारी उत्तरे उत्तरपत्रिकांत वारंवार दिसतात. ती अपुरी आहेत.

हिशेब कोठे चुकतो?

उपशामक सेवेला निधी कमी का मिळतो, या प्रश्नाचे एक उत्तर मोजमापात दडलेले आहे. आरोग्यातील गुंतवणुकीचे प्राधान्यक्रम बहुधा 'विकलांगता-समायोजित आयुर्वर्षे' या एककाने ठरतात. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारपणात काढलेली वर्षे यांची ही बेरीज. आजारपणातील वर्षांना शून्य ते एक या दरम्यानचा भारांक दिला जातो. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१३ च्या आवृत्तीत वेदनाशामक औषध मिळालेल्या अंतिम अवस्थेतील रुग्णाचा भारांक ०.५४०, तर औषध न मिळालेल्याचा ०.५६९ होता. फरक ०.०२९. आता आपल्या दुकानदाराला अखेरचे तीन महिने मॉर्फिन मिळाले असे धरू. वर्षाचा चौथा हिस्सा गुणिले ०.०२९ म्हणजे सुमारे ०.००७ वर्ष, दिवसांत सांगायचे तर पावणेतीन दिवसही नाहीत. तीन महिने रात्रंदिवस ओरडणारा रुग्ण आणि तीन महिने शांत झोपणारा रुग्ण यांच्यातील अंतर या मापाने तीन दिवसांहून कमी भरते. एका लसीने वाचलेल्या बालकाची साठ-सत्तर वर्षे त्याच्या समोर ठेवली, तर कोणताही नियोजनकार पारडे कोठे झुकवील हे सांगणे नको. यात लसीचे महत्त्व कमी करण्याचा प्रश्न नाही. मात्र मोजपट्टीच ज्या गोष्टीला शून्याजवळ मोजते, ती गोष्ट अंदाजपत्रकात दिसणार नाही, हे उघड आहे.

लॅन्सेट आयोगाने म्हणूनच 'गंभीर आजारजन्य यातना' हे निराळे माप सुचविले. त्यानुसार २०१५ मध्ये जगात ६ कोटी १० लाखांहून अधिक लोकांना अशा यातना होत्या. त्यांतील २ कोटी ५५ लाख लोक त्या वर्षी मरण पावले आणि ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. या देशांतील मॉर्फिनची संपूर्ण तूट सर्वोत्तम किमतीला भरून काढण्याचा वार्षिक खर्च आयोगाने १४.५ कोटी डॉलर इतका काढला. जागतिक आरोग्यखर्चाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि त्यांपैकी केवळ १४ टक्क्यांना ती मिळते. गरज असलेल्या प्रौढांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचे रुग्ण कर्करुग्णांपेक्षा अधिक आहेत, ही बाबही सहसा ध्यानात घेतली जात नाही.

दुसरी चूक खर्चाच्या बाजूला आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबाच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा हिस्सा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे. तथापि नातेवाइकांचा परगावी मुक्काम, जेवण आणि बुडालेला रोजगार यांचा हिशेब या आकड्यात नसतो. असाध्य आजारात नेमका हाच भाग मोठा असतो. शिवाय माहितीची विषमता येथे पराकोटीची असते. पुढील किरणोपचाराने आयुष्य वाढेल की केवळ दिवस जातील, हे कुटुंबाला कळण्याचा मार्ग नसतो. कोणी स्पष्ट सांगत नाही आणि विचारण्याचे धैर्यही होत नाही. 'सगळे प्रयत्न केले' हे समाधान मिळविण्यासाठी शेती किंवा दुकान विकले जाते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला पुरवठ्याने प्रेरित केलेली मागणी म्हणता येईल, पण तिला अपराधी भावनेची जोड असते, हे विसरून चालणार नाही. वेळेवर झालेला एक प्रामाणिक संवाद, तोही उपशामक सेवेचाच भाग, कुटुंबाची जन्माची पुंजी वाचवू शकतो.

आणि शुश्रूषेचे श्रम? ते बहुधा पत्नीच्या, सुनेच्या, मुलीच्या वाट्याला येतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील व्यक्तींची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ७६ मिनिटे. आणि अशी देखभाल करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाणही पुरुषांच्या जवळपास दुप्पट होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरात हे तास कितीतरी वाढतात. मुलगी शाळा सोडते, सून शिवणकाम बंद करते. हा वैकल्पिक खर्च कोणत्याही पावतीवर नसतो.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने २०१८ पासून पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण दिले. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना ते लागू झाले. परंतु तिची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. घरी येऊन जखम धुणारी परिचारिका, मॉर्फिनची मासिक मात्रा, कुटुंबाचे समुपदेशन या गोष्टी दाखल होण्याच्या चौकटीत बसत नाहीत. परिणामी घरी स्वस्तात सांभाळता येणारा रुग्ण विम्याच्या सोयीसाठी महागड्या खाटेवर झोपतो. विम्याच्या रचनेतून उद्भवणारी ही विकृती विम्याची रक्कम वाढवून दूर होणार नाही.

छत्तीसगढमधील शक्यता

केंद्र सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला. त्याला स्वतंत्र अंदाजपत्रक मात्र लाभले नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून राज्यांनी आपल्या वार्षिक आराखड्यात मागणी करावी, अशी रचना राहिली. ज्या राज्याने मागितले त्याला मिळाले. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ मध्ये सर्वसमावेशक प्राथमिक आरोग्यसेवेत उपशामक सेवेचा उल्लेख आला आणि आरोग्य व कल्याण केंद्रांच्या विस्तारित सेवांत तिचा समावेश झाला. या केंद्रांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव आहे. देशातील अशा पहिल्या केंद्राचे उद्घाटन १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगढमध्येच, बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे झाले होते.

या राज्याची आणखी एक जमेची बाजू आहे. 'आशा' कार्यकर्तीची योजना देशभर २००५ मध्ये आली. छत्तीसगढने त्याआधीच, २००२ मध्ये, 'मितानिन' कार्यक्रम सुरू केला होता. मितानिन म्हणजे मैत्रीण. वस्तीनेच निवडलेली, त्याच वस्तीत राहणारी ही स्त्री घराघराला परिचित असते. राज्यात अशा सुमारे ७० हजार मितानिन आहेत. केरळच्या शेजार-जाळ्यात जी भूमिका स्वयंसेवकांची, ती येथे त्या पार पाडू शकतात : अंथरुणाला खिळलेला रुग्ण शोधणे, वेदना किती आहे हे शून्य ते दहा या मोजपट्टीवर विचारणे, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला कळविणे. मात्र मितानिनवर आधीच माता-बाल आरोग्यापासून हिवतापापर्यंतची कामे आहेत. मोबदला न वाढविता नवे काम सोपविणे म्हणजे विनामोबदला श्रमाचा भार एका स्त्रीकडून दुसरीकडे सरकविणे होय.

छत्तीसगढ आणि पूर्व विदर्भ या सलग पट्ट्यात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. रायपुरात सिकलसेलसाठी स्वतंत्र संस्था आहे आणि या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. या अभियानाचा भर तपासणीवर आहे, तो योग्यच. पण सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार येणारी वेदनेची झटके-अवस्था ही कर्करोगाइतकीच तीव्र असू शकते आणि तीत अनेकदा मॉर्फिनवर्गीय औषधांची गरज भासते. उपशामक सेवा म्हणजे वृद्ध कर्करुग्णांची सेवा, हे समीकरण या पट्ट्यात तरी चुकीचे ठरते. येथील रुग्ण शाळकरी मुलगाही असू शकतो.

बूढापाऱ्यासारख्या शहरी वस्तीची अडचण याहून निराळी आहे. येथे ग्रामपंचायत नाही. बाराव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा नगरपालिकांचाही विषय असला, तरी बहुतेक महापालिकांचा आरोग्यखर्च स्वच्छता आणि घनकचऱ्यावरच होतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यावर खर्च करण्याकरिता ७०,०५१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली होती आणि त्यात शहरी आरोग्य केंद्रांचाही समावेश होता. प्रभागपातळीवर एक प्रशिक्षित परिचारिका, एक दुचाकी किंवा रिक्षा, औषधांची पेटी आणि मान्यताप्राप्त रुग्णालयातून मॉर्फिनचा नियमित पुरवठा, एवढ्या साधनांवर एका जुन्या वस्तीची गृहसेवा उभी राहू शकते. यात भांडवली खर्च जवळपास नाही. आवर्ती खर्च वेतनाचा आहे, आणि अनुदानाधारित योजनांत नेमका वेतनाचाच खर्च सर्वांत असुरक्षित असतो. इमारत उभारली की ती दिसते, परिचारिकेचे पद मात्र रिक्त राहिले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

सन्मानाने मृत्यू : कायद्याची बाजू

उपशामक सेवेची गल्लत इच्छामरणाशी केली जाते. मुख्य परीक्षेच्या दृष्टीने हा भेद स्पष्ट असावा. उपशामक सेवा मृत्यूला जवळ आणत नाही, तसेच त्याला कृत्रिमरीत्या लांबवीतही नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ पासून अचेतनप्राय अवस्थेत असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निष्क्रिय दयामरणाची संकल्पना कठोर अटींसह स्वीकारली. प्रत्यक्ष त्यांच्या बाबतीत परवानगी नाकारली, कारण त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा त्यास विरोध होता. त्या १८ मे २०१५ रोजी वारल्या. कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले आणि पूर्वनिर्देशपत्राला, म्हणजे प्रचलित भाषेत 'लिव्हिंग विल'ला, वैधता दिली.

तेव्हा घालून दिलेली कार्यपद्धती इतकी किचकट होती की ती व्यवहारात आलीच नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी करण्यात आली. पूर्वनिर्देशपत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत होती. आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. वैद्यकीय मंडळांची रचना सुटसुटीत झाली आणि त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे ठरले. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२५ मध्ये आपले पूर्वनिर्देशपत्र नोंदविले.

हे सर्व अतिदक्षता विभागातील यंत्रांविषयी आहे. ज्याच्या घरात कृत्रिम श्वसनयंत्र कधी येणारच नाही, अशा रुग्णासाठी अनुच्छेद २१ चा अर्थ बराच साधा आहे : जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात मॉर्फिनच्या गोळ्या शिल्लक आहेत की नाहीत, आणि त्या लिहून देणारा डॉक्टर आज ड्युटीवर आहे की नाही.